खाजनाचा बांध आणि गांवपण : तिसवाडी-साष्टीतल्या सामाईक राखणीच्या काही नोंदी

मंडळाच्या मागच्या बैठकीत 'गोव्यातल्या समाजसेवेचा इतिहास' असा विषय निघाला तेव्हा, अपेक्षेप्रमाणे, सगळ्यांनी संस्थांची नावं घेतली. सोळाव्या शतकाच्या आरंभीची सांता कासा दा मिझेरिकॉर्दिया. आल्बुकर्कने शहर घेतल्यावर काढलेलं राजाचं इस्पितळ. पाद्री आंतोनियो जुआंव द मिरांद यांनी १८६७ साली मडगावात सुरू केलेलं हॉस्पिसियो. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना जरा मोकळा श्वास मिळाला, त्यानंतरची वाचनालयं, शाळा, मडगावचं १९११ चं गोमंत विद्या निकेतन. सगळी नावं बरोबर आहेत, आणि त्यांवर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार आपल्यात आहेत.

मला मात्र त्या संध्याकाळी घरी जाताना बांध आठवत राहिला. पणजीहून रायबंदरकडे जाताना जो सरळ रस्ता लागतो, कोंद द लिन्यारिसने १६३३-३४ मध्ये बांधून घेतलेला, त्याच्या कडेने मिठागरं आणि पाणथळ जमिनी पसरलेल्या आहेत. बसच्या खिडकीतून आपण ते रोज बघतो आणि 'निसर्गदृश्य' म्हणून सोडून देतो. त्यात निसर्ग थोडा आणि माणसाचे हात जास्त. समुद्रसपाटीच्या आसपासची, काही ठिकाणी भरतीच्या पातळीखालची ही जमीन शेकडो वर्षं खाऱ्या पाण्यापासून कुणी राखली? कुठल्या संस्थेच्या पाटीवर त्यांचं नाव नाही. आणि 'स्वयंसेवक' हा शब्द तर त्यांनी ऐकलाही नसेल.

खाजन म्हणजे काय हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. मांडवी, जुवारी आणि त्यांच्या फाट्यांतून समुद्राची भरती बरीच आतपर्यंत चढते. दोन-सव्वादोन मीटरांचा चढउतार असतो, अमावस्या-पुनवेच्या उधाणाला सर्वांत जास्त. नदीकाठच्या खारफुटीच्या चिखलाला बांध घालून, आतली जमीन पावसाच्या पाण्याने धुऊन घेऊन तिथे भात काढायचं, हे खाजन. गोव्यात अशी जमीन साडेसतरा ते अठरा हजार हेक्टर धरतात. तिसवाडी, साष्टी, बार्देश या जुन्या काबिजादींत ती मुख्य. चोडण, दिवाडीसारख्या बेटांचं तर पोटच तिच्यावर. पीक कोरगुट किंवा आसगो, खारं सोसणारी तांबडी भातं. पावसाळ्यात भात, ते निघालं की काही ठिकाणी खारं पाणी मुद्दाम आत घेऊन मासळी. एकाच जमिनीतून तांदूळ आणि सुंगटं. गोंयकाराच्या ताटात आणखी काय लागतं?

बाहेरचा बांध चिखलाचा. नदीच्या पात्रातला चिकट चिखल, त्यात पेंढा, बांबूचे खुंट, पाण्याच्या बाजूला चिऱ्यांची बांधणी. बांधाबाहेरची खारफुटी तोडायची नाही, लाटेचा मार ती झेलते. आत पाणी खेळवायला पोय, म्हणजे आतली खाडी, आणि पोय जिथे नदीला मिळते तिथे मानस. मानस म्हणजे दगडी चौकटीत बसवलेली लाकडी दारं, मट्टीच्या लाकडाची, कारण ते खाऱ्या पाण्यात टिकतं. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तसं दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. दाराजवळ उभं राहून उघडझाप करायला कुणी लागत नाही. लहानपणी मी हे तासभर बघत बसायचो आणि दार कोण उघडतं ते कळेना म्हणून भुताचा संशय घ्यायचो.

दार आपोआप चालतं, बांध मात्र नाही. बांधाचा शत्रू लाट नव्हे, कुर्ली. खेकडा बीळ पोखरतो, बोटभर भोक होतं, त्यातून भरतीला पाणी ठिबकतं, ठिबकता ठिबकता चिखल वाहतो, आणि एका उधाणाच्या रात्री खांड पडते. बोटभर असताना मूठभर चिखलाने भागतं. खांड पडल्यावर शंभर माणसं लागतात आणि तीही पुढची भरती यायच्या आत, म्हणजे सहा तासांत. या व्यवस्थेचं गणित या दोन आकड्यांत आहे. ज्याला मूठभर चिखल लावायला सवड आहे असा माणूस रोज बांधावरून फिरला पाहिजे, आणि तरीही खांड पडलीच तर शंभर माणसं सहा तासांत हजर झाली पाहिजेत. पगारी नोकर ठेवून पहिली गोष्ट जमेल. दुसरी जमत नाही.

पहिल्या कामाला गावात पायणी असायचा. बांधावरून फिरणं, भोकं बुजवणं, मानशीची दारं बघणं, गरजेपुरता पेंढा-बांबू साठवून ठेवणं आणि धोका दिसला की गाव उठवणं, हे त्याचं काम. त्याला नेमणारी शेतवाल्यांची आणि कसणाऱ्यांची मिळून जी मंडळी असे, तिला भौस म्हणत. ज्याची जेवढी जमीन त्या खाजनात, तेवढा त्याचा वाटा खर्चात. आमच्या घरच्या ट्रंकेत पणजोबांच्या नावाची अशी एक पावती निघाली. शाई उडालेली, पोर्तुगीज मजकूर अर्धा वाचता येतो, साल फाटून गेलंय. घरात सगळ्यांना तो सरकारी कर वाटत होता. माझ्या आत्याने सांगितलं, "कर कसला, ती बांधाची पट्टी. ती चुकवली तर शेजारी तोंडावर बोलत."

भौसाच्या वर होती गांवकरी, जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटलं. तिच्याबद्दलचा सर्वांत जुना पोर्तुगीज दस्तऐवज म्हणजे १६ सप्टेंबर १५२६ चा फोराल, आफोंसु मेशिया या वेदोर द फाझेंदाने, म्हणजे खजिन्याच्या कारभाऱ्याने, लिहून काढलेल्या गांवकारांच्या चालीरीती. शहर घेऊन सोळा वर्षं झाल्यावर नव्या राज्यकर्त्याला कळून चुकलं होतं की सारा वसूल करायचा तर गावाला हात लावून चालणार नाही, गाव जसं चालतं तसंच लिहून घ्यावं लागेल. त्या फोरालच्या सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली आहे. पूर्वी चार माणसं एका ओसाड बेटावर शेती करायला आली, त्यांनी जमीन उठवली, वस्ती वाढली, आणि चांगला कारभार केला म्हणून त्यांना गांवकार म्हणू लागले. इतिहास म्हणून ती कथा किती खरी ते सोडा. मला तिच्यात रस आहे तो एवढ्यासाठी, की गावाच्या हक्काचं मूळ तिथे राजाच्या सनदेत नाही, जमीन उठवण्याच्या कामात दाखवलंय.

गांवकरीचा कारभार वांगडांनी चालायचा. वांगड म्हणजे मूळ कुळाची शाखा. बैठकीला, म्हणजे गांवपणाला, डोकी मोजत नसत, वांगड मोजत. एकमत झालं तर निर्णय, नाहीतर नाही. झालेला निर्णय कुळकर्णी मोठ्याने वाचून लिहायचा. गावाचं उत्पन्न एकत्र, त्यातून सारा, देवस्थान, बांध, रस्ता, तळी यांचा खर्च काढायचा आणि उरेल ते गांवकारांत वाटायचं, हे जोण. साऱ्याची जबाबदारीही सामाईक. जुन्या काळच्या काही गांवकरी वह्या गोंयकानडी लिपीत आहेत, भाषा कोकणी-मराठीची सरमिसळ. पणजीच्या पुराभिलेखागारात त्या बघायला मिळतात. आपल्यापैकी ज्यांना मोडी येते त्यांनी या लिपीकडेही वळावं असं मी दर बैठकीत म्हणतो आणि दर बैठकीत चहा येतो.

गावातल्या सेवांची सोय जमिनीतूनच होई. न्हावी, मडवळ, सुतार, लोहार, देवळातले वाजंत्री अशा गावकामगारांना नमशीच्या जमिनी दिलेल्या असत, साऱ्याशिवाय कसायला. त्या बदल्यात गावाचं काम. पोर्तुगीज कागदांत हा शब्द 'नामोशीं' असा येतो. आज ज्याला आपण लोकसेवा म्हणतो तिचा हा जुना नमुना : पगार नाही, देणगी नाही, शेताचा तुकडा. सुतार मानशीचं दार दुरुस्त करी तेव्हा त्याने 'सेवा' केली असं कुणी म्हटलं नसतं. ते त्याचं शेत होतं आणि त्याचं काम होतं.

इथवर लिहिल्यावर वाचणाऱ्याला वाटेल की हा गांवकरीचं गोडवं गातोय. आपल्या भागात ती एक सवय झाली आहे. 'जगातली आद्य लोकशाही' वगैरे मथळे मीही वाचलेत. फिलिप नेरी शाव्हियेरने १८५२ साली 'बोस्केजु हिस्तोरिकु' काढून कोमुनिदादींची माहिती एकत्र केली, त्यानंतर रुय गोमिश परैरांपर्यंत अनेकांनी या संस्थेवर मेहनत घेतली. पण मला सर्वांत उपयोगी पडला तो दामोदर कोसंबींचा निबंध. १९०७ साली कोसबेनला जन्मलेल्या या गणित्याने १९४७ मध्ये जुन्या काबिजादींतल्या ग्रामसंस्थेवर लिहिलं, आणि स्कंदपुराणातली परशुरामाने समुद्र हटवल्याची कथा प्रत्यक्ष जमिनीसमोर आणून उभी केली. देवाने बाण मारून समुद्र मागे सरला असेल, पण त्या बाणानंतर चिखलाच्या टोपल्या कुणी वाहिल्या, हा प्रश्न त्यांच्यामुळे मला पडला.

त्याचं उत्तर मला गांवकारांच्या वह्यांत मिळालं नाही. जोण पुरुष गांवकाराचं. बायकांचं नाव त्यात नाही. गावडे, कुणबी, मुंडकार यांनाही गांवपणात बसायची जागा नव्हती. पहिल्या वांगडाला पहिला विडा, पहिली पासोडी, असे मान होते आणि त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. विड्यासाठी भांडणाऱ्या हातांनी चिखल किती उपसला असेल याची मला शंका आहे. बांधाचं काम करणाऱ्यांत मोठा भाग त्यांचा होता ज्यांचं शेत कुळाच्या हिश्शापुरतं, किंवा तेवढंही नाही.

जुवारीकाठच्या एका गावात नव्वदीला टेकलेल्या एका कुणबी आजीला मी विचारलं, तुम्ही बांधावर जायचात तेव्हा सक्ती असे की आपखुशी? ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुता, पयलीं पेज, मागीर चिखल." म्हणजे आधी भाटकाराच्या घरून आलेली पेज, मग काम. पेज मिळे म्हणून गेलो, असं तिचं सरळ सांगणं. मी आणखी खोदलं तेव्हा म्हणाली, खांड पडली त्या रात्री मात्र पेज कुणी आणली नव्हती, तरी सगळी गेली, कारण आमचंही भात आतच होतं. "उदक कोणाचें शेत तें विचारना." एवढं बोलून तिने विषय बदलला, आणि माझ्या शर्टाला बटण नाही हे दाखवून दिलं.

तिच्या दोन वाक्यांत मला त्या व्यवस्थेच्या दोन्ही बाजू दिसतात. रोजच्या कामात मालक-कुळाचं नातं, वेठीला जवळ जाणारं. उधाणाच्या रात्री मात्र वेगळं काहीतरी, ज्याला आपल्याकडे नीट शब्द नाही. स्वयंसेवा म्हणावं तर तीत स्वार्थ आहे. स्वार्थ म्हणावं तर अंधारात गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून माणसांची साखळी धरणं निव्वळ स्वार्थाने होत नाही.

अलिबाग-पेणच्या खारेपाटातले वाचक इथे म्हणतील, हे आम्हाला नवीन नाही. त्यांच्याकडे शिलोत्रीचे बांध होते आणि शेतकरी एकत्र येऊन बांधबंदिस्ती करत त्याला जोळ म्हणत. १९४८ साली मुंबई राज्याने खारजमिनींचा कायदा केला, सरकार बांधांत उतरलं. तिथले म्हातारे सांगतात की सरकारचा बांध झाला तशी जोळ मोडत गेली. आमचीही कथा थोड्या वर्षांच्या फरकाने तीच.

आमच्याकडे कायदे असे आले. कोमुनिदादींचा १९०४ चा कोड, मग १५ एप्रिल १९६१ चा नवा कोड, मुक्तीच्या जेमतेम आठ महिने आधी. त्यात गांवकारांच्या सभा, हिशेब, लिलाव यांचे बारीकसारीक नियम आहेत, आणि सगळ्यावर सरकारी प्रशासकाची मान्यता. म्हणजे गांवपण लिसबनच्या राज्यात आधीच कार्यालयीन झालं होतं, हे आपण विसरतो. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला. कुळाला संरक्षण मिळालं आणि मिळायलाच हवं होतं; पेजेसाठी चिखल वाहणाऱ्या आजीच्या घराला पहिल्यांदा कागद मिळाला. १९७५ च्या नियमांनी बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांवर, टेनंट्स असोसिएशनवर आली, देखरेख मामलेदाराची. मानशीवरच्या मासळीचा लिलाव करून येणारे पैसे संघाचे. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ जमिनीचा मालक मानला गेला. त्याच सुमारास, १९७५ मध्ये, मुंडकारांच्या घरांना संरक्षण देणारा कायदाही झाला.

या कायद्यांत मला अन्याय दिसत नाही. दिसतं ते एवढंच की पायणीची जागा कुणीच भरली नाही. कोमुनिदाद म्हणाली जमीन आमची राहिली नाही, बांध कशाला बघू. भौस कागदोपत्री संपली. संघाकडे लिलावाचे पैसे आले, आणि पैसे मासळीचे असल्यामुळे हळूहळू मासळी भातापेक्षा मोठी झाली. लिलाव घेणाऱ्याला जितकं खारं पाणी आत तितकं बरं. काही ठिकाणी मानशीची दारं पावसाळ्याच्या तोंडावरही उघडीच ठेवली गेली, काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी झाल्या. आतलं शेत पडीक, पडीकात खारफुटी उगवली. एकदा खारफुटी उगवली की ती तोडायची परवानगी मिळत नाही, तेही योग्यच, पण शेत मात्र परत येत नाही. मुलं बोटीवर, दुबईत, पोर्तुगालच्या पासपोर्टावर इंग्लंडात. चिखल उचलायला कोण?

चार वर्षांपूर्वी श्रावणातल्या अमावस्येच्या रात्री माझ्या आजोळच्या गावात खांड पडली. गावाचं नाव घेत नाही, अजून वाद मिटलेला नाही. मला फोन आला तेव्हा साडेदहा वाजले होते. मी इतिहासाच्या नादातला माणूस, उपयोग शून्य, पण गेलो. बांधावर तीसेक माणसं होती. त्यांत देवळाच्या समितीचे लोक होते, चर्चच्या मागच्या वाड्यावरची पोरं होती, ओडिशाचे चार कामगार होते जे शेजारच्या इमारतीच्या कामावर होते आणि कुणी न बोलावता आले होते. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून टाकत होते. पिशव्या टाकल्या की वाहून जात. मग एका म्हाताऱ्या गांवकाराने ओरडून सांगितलं, आधी बांबू ठोका, बांबूंत पेंढा अडकवा, मग चिखल. पिशवीला धरायला काही नाही म्हणून ती जाते. हे त्याला कुणी शिकवलं? त्याच्या बापाने, त्याच्या बापाला पायणीने. बांबू आणायला कुणी तरी एका लग्नघराचा मांडव अर्धा सोडला. पेंढा मात्र गावभर मिळेना. भातच लावत नाहीत तर पेंढा कुठून? शेवटी सुक्या माडाच्या चुडतांवर भागवलं.

अर्धी खांड बुजली. पहाटेच्या भरतीला उरलेल्या अर्ध्यातून पाणी आत आलं आणि नऊ-दहा घरांची उभी शेतं, जी कशीबशी लावली होती, खारी झाली. खारं पाणी एकदा बसलं की त्या सालचं पीक जातंच, पुढचे एक-दोन पावसाळेही जमीन धुण्यात जातात. दुसऱ्या दिवशी मी त्या घरांतल्या लोकांबरोबर तीन कार्यालयांत गेलो. पहिलं म्हणालं, बांध संघाचा. संघाचे जे कोण होते ते म्हणाले, हा बाहेरचा बांध, सरकारचा. तिसऱ्या ठिकाणी एका साहेबांनी नकाशा पसरला, बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे बांध दाखवलाच नाहीये. नकाशात नसलेल्या बांधावर आम्ही रात्रभर उभे होतो.

त्या रात्रीबद्दल मला एक गोष्ट आवर्जून नोंदवायची आहे. तिथे आलेल्या तीस जणांत ज्यांचं शेत आत होतं असे पाच-सहाच. जुनं गणित, 'आमचंही भात आतच होतं', ते आता लागू पडत नाही. तरी माणसं आली. याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण गांवकरी संपली की सगळं संपलं, असं जे आपण लिहितो, ते मी त्यानंतर लिहिलेलं नाही.

किनाऱ्यावर याचाच दुसरा नमुना रापणीचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, दोन्ही टोकांना दोरावर माणसांची रांग. जाळं-होडीवाल्यांचे वाटे ठरलेले, पण दोराला हात लावणाऱ्या कुणालाही, मग तो वाटेने चाललेला परका का असेना, थोडी मासळी मिळायची. विधवा बाई, शाळकरी पोर, म्हातारा, ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत असे, तो सकाळी किनाऱ्यावर जाऊन दोर धरी. मागायची लाज नाही आणि देणाऱ्याचा उपकार नाही. सत्तरीच्या दशकात ट्रॉलर आले आणि किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडली गेली, तेव्हा मातान्ही साल्ढाणांच्या पुढाकाराने रापणकारांचा एकवट उभा राहिला, पुढे १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. त्या लढ्यावर बरंच लिहिलं गेलंय. दोराला हात लावणाऱ्याच्या वाट्यावर फारसं नाही, आणि ते लिहायला हवं, कारण आता हौशी पर्यटक फोटोसाठी दोर ओढतात.

गाव सोडून गेलेल्यांनी तेच गाव बरोबर नेलं, त्याचंही थोडं सांगून थांबतो. मुंबईत धोबीतलावला गोंयकार ख्रिश्चनांच्या कूड होत्या, काही आजही आहेत. एकेका गावाची एकेक खोली किंवा मजला. बोटीवर जायची वाट बघणारा खलाशी महिन्याला किरकोळ वर्गणी भरून तिथे पथारी टाकी, भिंतीला पेट्यांची रांग, एका कोपऱ्यात गावच्या सायबाची वेदी, संध्याकाळी तेर्स चुकवायचा नाही. नोकरी नसलेल्याला कुणी हाकलत नसत. हिंदू गोमंतकीयांनी १९१९ साली मुंबईत गोवा हिंदू असोसिएशन काढली. मराठी वाचकाला ती नाटकांमुळे ठाऊक. १९७० साली 'नटसम्राट' तिनेच रंगभूमीवर आणलं. पण फोंड्याजवळ बांदिवड्याला वृद्धांसाठी स्नेहमंदिर चालवणारी संस्थाही हीच, हे आपल्याच काही सभासदांना मागच्या महिन्यात नव्याने कळलं. घर हरवलेल्या म्हाताऱ्याचं नाटक करणाऱ्यांनी म्हाताऱ्यांसाठी घरही बांधलं. यांतल्या एकामुळे दुसरं झालं असा दावा मी करत नाही.

आता मंडळासाठी एक विनंती. बांधांची, मानशींची, पायणींची जी नावं म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत ती लिहून घ्यायला हवीत, आणि ती लवकर. प्रत्येक मानशीला नाव असतं, खाजनातल्या प्रत्येक तुकड्यालाही. सरकारी नकाशात फक्त सर्व्हे नंबर. आजोळच्या गावातल्या त्या म्हाताऱ्या गांवकाराबरोबर मी गेले आठ महिने अशी यादी करतोय. सत्तेचाळीस नावं झाली. त्यातली एकोणीस जागा कुठे आहेत ते त्यालाही आता दाखवता येत नाही, कारण वर खारफुटी आली आहे. तो दर अमावस्येला ओहोटीच्या वेळी हातात माडाची पिड्डी घेऊन बांधावरून चालतो, भोक दिसलं की पिड्डी आत घालून खोली बघतो आणि पायाने चिखल दाबतो. त्याला कुणी नेमलेलं नाही. या अमावस्येला ओहोटी सकाळी सातच्या सुमारास आहे. येणाऱ्यांनी चपला घालून येऊ नये, त्या चिखलात राहतात.